फोनच्या तारेवरून इंटरनेट: विंडोज ९८ वर पहिल्यांदा डायल-अप जोडणी करताना

माझा धाकटा भाऊ १९९९ मध्ये मस्कतला नोकरीला गेला. पत्र पोचायला दहा-बारा दिवस लागायचे, आणि आयएसडी, म्हणजे परदेशी फोन, लावायचा तर आई घड्याळासमोर उभी राहायची. मग एकदा त्यानेच फोनवर सांगितलं, "ताई, घरात कॉम्प्युटर आहे ना, मोडेम घे. रोज मेल करता येईल." मोडेम ही काय वस्तू असते हे मला ठाऊक नव्हतं. कॉम्प्युटरचा डेटा आवाजात बदलून फोनच्या तारेवरून पाठवणारं आणि घेणारं ते यंत्र. असा फोन लावून केलेली इंटरनेटची जोडणी म्हणजे डायल-अप. दुकानातून खोकं आणलं. त्यात एक डबी, दोन तारा, एक सीडी आणि इंग्रजी पुस्तिका होती. त्या दिवसापासून पहिली मेल जाईपर्यंत एकोणीस दिवस गेले.

त्या एकोणीस दिवसांत कॉम्प्युटर एकदाही बिघडलेला नव्हता. एक दोष पडवीतल्या फोनच्या तारेत होता, एक पडद्यावरच्या चौकटीत नको तिथे लागलेल्या टिकेत (✓ खुणेत) आणि एक पासवर्डातल्या मोठ्या अक्षरात. पुढे चिपळुणात ओळखीच्या दहा-बारा घरी मी जोडणी करून दिली, आणि बहुतेक ठिकाणी घोटाळा याच तीन जागी सापडला. म्हणून इथला क्रम मुद्दाम तारेपासून सुरू केला आहे. घाईने माऊस हातात घेऊ नका.

सगळं विंडोज ९८ आणि त्या काळची डायल-अप सेवा धरून लिहिलं आहे, म्हणून बाजार, नंबर आणि नियम तेव्हाचे समजा. विंडोज एक्सपीत खिडक्यांचं रूप निराळं आहे, तरी नंबर, नाव, पासवर्ड आणि टिका त्याच.

जवळ काय काय हवं

- चालू फोन, आणि मोडेमपर्यंत ताण न पडता पोचेल अशी तार.
- मोडेम, त्याचा अडॅप्टर आणि ड्रायव्हरची, म्हणजे मोडेम चालवणाऱ्या प्रोग्रॅमची, सीडी.
- विंडोज ९८ ची सीडी. अर्ध्या वाटेत कॉम्प्युटर ती हमखास मागतो. दुकानदाराने दिली नसेल तर सी ड्राइव्हवर विंडोज, त्यात ऑप्शन्स, त्यात कॅब्स नावाचा फोल्डर आहे का बघा. पुष्कळदा फायली तिथे उतरवून ठेवलेल्या असतात.
- इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीचा कागद. संचारनेट, व्हीएसएनएल, सत्यम, कोणाचंही खातं असो, त्यावर डायल करायचा नंबर, युजरनेम, पासवर्ड आणि मेल सर्व्हरची नावं हवीत. डीएनएसचे (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरचे) आकडे छापले नसतील तर तेही विचारून लिहून घ्या.
- खातं उघडायला तेव्हा भरलेल्या फोनबिलाची आणि रेशनकार्डाची झेरॉक्स लागायची. बिल ज्याच्या नावावर, त्याची सहीही कधी लागायची. आमच्याकडे बिल वडिलांच्या नावावर आणि अर्ज माझ्या, त्यामुळे मला दोन हेलपाटे पडले.
- एक वही. प्रत्येक प्रयत्नाची वेळ, पडद्यावर आलेला एरर नंबर आणि आपण काय बदललं ते लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला.

१. आधी तार तपासा

रिसीव्हर उचला आणि कुठलाही एक आकडा दाबा. डायल टोन बंद होईल आणि काही सेकंद शांतता राहील. ती कान देऊन ऐका. घुंऽऽ असा आवाज, चुरचुर, किंवा दूरवर दुसऱ्याचं बोलणं ऐकू आलं, तर मोडेमचं खोकं उघडूच नका. आपल्या कानाला बोलणं समजतं, कारण अर्धा शब्द हरवला तरी आपण तो मनाने पुरा करतो. मोडेमला ती सोय नाही. खरखरीत हरवलेला प्रत्येक तुकडा त्याला पुन्हा मागावा लागतो आणि वेग कोसळतो.

दोष बहुधा घरातच असतो. भिंतीवरची फोनची डबी उघडा. स्क्रूवर हिरवट कळंक चढलेला असेल तर तारेचं टोक कापून, नवं तांबं सोलून पुन्हा घट्ट आवळा. फोनच्या तारेत ४८ व्होल्ट असतात आणि घंटी वाजताना त्याहून बऱ्याच जास्त, म्हणून हे काम ओल्या हाताने किंवा पावसात करू नका. घरात समांतर जोडलेला दुसरा फोन असेल तर चाचणीपुरता तो काढून ठेवा. आमची पडवीतली जोडतार नुसती चिकटपट्टीने गुंडाळलेली होती. उन्हाळ्यात बरी चालायची, पावसात कुरकुरायची. ती काढली आणि घुंऽऽ आवाज त्याच दिवशी गेला.

डबीपासून मोडेमपर्यंतची तार शक्य तितकी आखूड ठेवा आणि ट्यूबलाइटच्या चोकजवळून किंवा टीव्हीमागून नेऊ नका. घरातलं सगळं काढून, थेट डबीला एकच फोन लावूनही खरखर राहिली, तर दोष बाहेरच्या खांबावर किंवा जमिनीखालच्या केबलमध्ये आहे. तक्रार नोंदवताना "इंटरनेट चालत नाही" असं सांगू नका. "बोलताना खरखर येते" असं सांगा. लाइनमनला तीच भाषा तपासता येते.

तुमच्या वाडीवरचा फोन तारेऐवजी रेडिओवर चालत असेल, तर मोडेम विकत घेण्याआधी कोणाचा तरी उसना आणून लावून पाहा. अशा फोनवर ५६ केची (सेकंदाला ५६ हजार बिट वेगाची) आशा धरू नये.

२. मोडेम कोणता घ्यावा

बाजारात तेव्हा तीन तऱ्हा होत्या. कॉम्प्युटरच्या पोटात बसणारं कार्ड स्वस्त पडतं. पण यातली बरीचशी कार्डं आपलं काम कॉम्प्युटरच्या प्रोसेसरकडून करून घेतात. पेंटियम १६६ सारख्या जुन्या यंत्रावर तेवढ्यानेच सगळं रेंगाळतं, आणि लिनक्स वापरणाऱ्यांना यांचे ड्रायव्हर शोधत फिरावं लागतं. दुसरा बाहेर ठेवायचा, मागच्या नऊ सुयांच्या सिरियल पोर्टला लागणारा. महाग असतो, पण माझं मत याच्याच बाजूने आहे. समोर दिवे लुकलुकत असतात, त्यामुळे काय चाललं आहे ते दिसतं, आणि अडकला तर कॉम्प्युटर बंद न करता मोडेमचंच बटण दाबता येतं. तिसरा यूएसबीचा. त्याच्या बाबतीत आधी सीडी चालवायची आणि मग मोडेम खोचायचा. उलट केलंत तर विंडोज भलताच ड्रायव्हर धरून बसतं.

खोक्यावर व्ही.९० लिहिलं आहे ना, तेवढं पाहा. हे १९९८ मध्ये ठरलेलं ५६ केचं समान मानक आहे. त्याआधी दोन गट आपापल्या पद्धतीचे मोडेम विकत होते आणि एका गटाचा मोडेम दुसऱ्याशी ५६ केवर बोलायचा नाही. सेकंडहँड घेताना असे जुने नग हाती यायचे.

५६ के हा आकडा फक्त येण्याच्या बाजूचा आहे. आपल्याकडून जाणारा डेटा व्ही.९० मध्ये जास्तीत जास्त ३३.६ केने जातो. कारण सोपं आहे. टेलिफोन एक्स्चेंजपासून इंटरनेट कंपनीपर्यंतचा रस्ता डिजिटल, म्हणजे आकड्यांचा, असतो, आणि आपल्या घरापासून एक्स्चेंजपर्यंतचा तांब्याचा तुकडा तेवढा ॲनालॉग, म्हणजे आवाजाच्या लहरींचा. येणारा डेटा कंपनीकडून डिजिटलच निघतो, म्हणून जास्त वेगाने येऊ शकतो. जाणारा मात्र आधी आवाज होऊन जातो आणि एक्स्चेंजमध्ये त्याचे पुन्हा आकडे बनवावे लागतात, त्यात थोडं नुकसान होतं. चांगल्या लाइनवर ४० ते ४६ के मिळाले तर समाधान माना. त्या वेगाला एक एमबीची फाइल यायला तीन-साडेतीन मिनिटं लागतात.

३. जोडणी

मोडेमच्या मागे दोन सारखी छिद्रं असतात. भिंतीकडून आलेली तार ‘लाइन’ लिहिलेल्या छिद्रात आणि टेलिफोन ‘फोन’ लिहिलेल्या छिद्रात. काही मोडेमवर अदलाबदल केली तरी टोन ऐकू येतो, त्यामुळे चूक लवकर ध्यानात येत नाही. अक्षरं बारीक असतात, बॅटरी घेऊन वाचा.

सिरियल मोडेम कॉम्प्युटर बंद असताना लावा. मग आधी मोडेम चालू करा आणि नंतर कॉम्प्युटर.

४. ड्रायव्हर, आणि ‘ओके’ येईपर्यंत थांबणं

कॉम्प्युटर चालू झाल्यावर ‘न्यू हार्डवेअर फाउंड’ येईल. सीडी टाका आणि ती दाखवून द्या. स्टँडर्ड मोडेम नावाचा पर्याय समोर आला तरी तो घेऊ नका, आपल्याच मोडेमचं नाव निवडा.

आता कंट्रोल पॅनल उघडा, मोडेम्स, मग डायग्नॉस्टिक्स. ज्या कॉम पोर्टसमोर (कॉम्प्युटरला मोडेम किंवा माऊस जोडायच्या जागेसमोर) मोडेमचं नाव आहे तो निवडून ‘मोअर इन्फो’ दाबा. काही सेकंदांत ओळींची यादी येईल. तिथे मोडेमची उत्तरं आणि ‘ओके’ दिसले, तर कॉम्प्युटर आणि मोडेम यांची बोलणी सुरू झाली. दिसले नाहीत, तर पुढच्या पायऱ्या करून उपयोग नाही. इथेच थांबून हे सोडवा.

पोटातल्या कार्डाच्या बाबतीत एक जुना सापळा आहे. कॉम १ आणि कॉम ३ एकच आयआरक्यू (प्रोसेसरला हाक मारायचा मार्ग) वापरतात, चार नंबरचा. कॉम २ आणि कॉम ४ मिळून तीन नंबरचा. सिरियल माऊस कॉम १ वर असेल आणि मोडेम कॉम ३ वर बसला, तर डायल करताक्षणी माऊस गोठतो. लोकांना वाटतं व्हायरस शिरला. मोडेम कॉम २ किंवा ४ वर हलवा.

त्याच मोडेम्स खिडकीत प्रॉपर्टीज उघडून ‘मॅक्सिमम स्पीड’ ११५२०० ठेवा. खालच्या ‘ओन्ली कनेक्ट ॲट धिस स्पीड’ला टिक नको. हा कॉम्प्युटर आणि मोडेम यांच्यामधला वेग आहे, फोनलाइनचा नाही.

आता या सगळ्यातलं सर्वांत महत्त्वाचं खोकं. ‘कनेक्शन’ नावाच्या पानावर ‘वेट फॉर डायल टोन बिफोर डायलिंग’ असं लिहिलेलं असतं, आणि त्याला टिक लागलेलीच असते. ती काढा. अमेरिकेतला डायल टोन ३५० आणि ४४० हर्ट्झ या दोन सुरांचा असतो आणि पुष्कळ मोडेम तोच ओळखायला शिकलेले असतात. आपल्याकडचा टोन ४०० हर्ट्झचा आणि २५ हर्ट्झने थरथरणारा. तुमच्या कानाला टोन स्पष्ट ऐकू येतो आणि मोडेम मात्र ‘नो डायल टोन’ म्हणत बसतो. माझे सहा दिवस यात गेले. टिक काढूनही तीच रड असेल, तर ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ‘एक्स्ट्रा सेटिंग्ज’च्या रकान्यात इंग्रजीत एक्स३ टाइप करा. याचा अर्थ टोनची वाट न पाहता डायल कर, पण लाइन व्यस्त असेल तर ओळख.

५. डायल-अप नेटवर्किंग आहे का

माय कॉम्प्युटरमध्ये ‘डायल-अप नेटवर्किंग’ फोल्डर दिसत नसेल, तर कंट्रोल पॅनलमधल्या ॲड-रिमूव्ह प्रोग्रॅम्समध्ये जाऊन विंडोज सेटअप, कम्युनिकेशन्स इथून ते बसवा. सीडी लागते ती इथे.

मग कंट्रोल पॅनलमध्ये नेटवर्क उघडा. यादीत डायल-अप ॲडॅप्टर, टीसीपी/आयपी आणि क्लायंट फॉर मायक्रोसॉफ्ट नेटवर्क्स हे तिन्ही हवेत. तिसरा नसला तरी नेट चालतं, पण ‘सेव्ह पासवर्ड’ फिकं पडतं आणि दर वेळी पासवर्ड टाइप करावा लागतो. यादीत फाइल अँड प्रिंटर शेअरिंग असेल आणि घरात दुसरा कॉम्प्युटर जोडलेला नसेल, तर ते काढून टाका. नाहीतर नेटवर असताना तुमच्या फायलींचं दार बाहेरच्यांना उघडं राहू शकतं.

६. नवी जोडणी बनवणं

डायल-अप नेटवर्किंगमध्ये ‘मेक न्यू कनेक्शन’वर दोनदा टिचकी मारा. नाव काहीही द्या. पुढच्या पानावर एरिया कोड, टेलिफोन नंबर आणि देश. देश इंडिया (९१). नंबर कागदावर असेल तोच. तेव्हा बहुतेकांचा नंबर १७२ ने सुरू होणारा सहा आकडी असायचा. पुढे नेक्स्ट, फिनिश. एवढंच.

७. टिका नीट लावणं

तयार झालेल्या चित्रावर उजवी टिचकी मारून प्रॉपर्टीज उघडा.

पहिल्याच पानावर ‘यूज एरिया कोड अँड डायलिंग प्रॉपर्टीज’ आहे. टिक काढा. ती राहिली तर विंडोज स्वतःच्या हिशोबाने नंबराआधी शून्य आणि एसटीडी कोड जोडतं. चिपळूणहून १७२ चा नंबर फिरवायचा, तर यंत्र त्याच्या आधी ०२३५५ लावून मोकळं होतं. पलीकडून "हा नंबर अस्तित्वात नाही" अशी बाई बोलत राहते आणि मोडेम मिनिटभर तिला मोडेम समजून वाट पाहतो.

ऑफिसात छोटं एक्स्चेंज असेल आणि बाहेरची लाइन शून्य दाबून मिळत असेल, तर नंबराआधी शून्य आणि स्वल्पविराम टाका. स्वल्पविरामाला मोडेम दोन सेकंद थांबतो. तेवढ्यात बाहेरचा टोन येतो.

मग ‘सर्व्हर टाइप्स’. वर पीपीपी निवडलेलं हवं. खाली ‘लॉग ऑन टु नेटवर्क’ची टिक काढा, तिच्यामुळे जोडणी उगाच लांबते. ‘रिक्वायर एन्क्रिप्टेड पासवर्ड’चीही काढा. कित्येक कंपन्यांचे सर्व्हर पासवर्ड साध्या रूपात मागतात, आणि ही टिक असली की पासवर्ड बरोबर असूनही नाकारला जातो. नेटबुई आणि आयपीएक्स/एसपीएक्स यांच्या टिका काढून फक्त टीसीपी/आयपीची ठेवा.

‘टीसीपी/आयपी सेटिंग्ज’मध्ये आयपी पत्ता (नेटवरचा आपल्या कॉम्प्युटरचा आकडी पत्ता) ‘सर्व्हर असाइन्ड’ असाच राहू द्या. तो दर वेळी वेगळा मिळतो. डीएनएसही आधी ‘सर्व्हर असाइन्ड’ ठेवून पाहा. जोडणी झाली, पण एकही पान उघडत नाही, असं झालं तरच कागदावरचे डीएनएसचे आकडे इथे भरा.

टोन की पल्स हा प्रश्न तेव्हाही थोड्याच गावांत उरला होता. फोनची बटणं दाबताना वेगवेगळे सूर येतात आणि कॉल लागतो, तर टोन. टक्-टक्-टक् असं मोजत जात असेल, तर मोडेम्सच्या ‘डायलिंग प्रॉपर्टीज’मध्ये पल्स निवडा.

कॉल वेटिंगची सोय घेतली असेल तर एक्स्चेंजमध्ये अर्ज देऊन ती बंद करून घ्या. मध्येच येणारा तो ‘टुक्’ आवाज कित्येक मोडेमना लाइन तुटल्यासारखा वाटतो.

८. पहिला कॉल

चित्रावर दोनदा टिचकी. युजरनेम आणि पासवर्ड कागदावर असतील तसेच, लहान-मोठ्या अक्षरांसकट. कॅप्स लॉकचा दिवा बंद आहे ना, ते कीबोर्डकडे बघून खात्री करा. छापलेल्या कागदावर इंग्रजी एल आणि एक, ओ आणि शून्य सारखे दिसतात. शंका असेल तर फोन करून विचारा, अंदाजाने भरू नका.

आता ‘कनेक्ट’. स्पीकर बंद करू नका, निदान पहिले काही दिवस. डायल टोन, आकड्यांचे सूर, पलीकडे घंटी, मग एक लांब उंच शिट्टी. ती पलीकडच्या मोडेमची, २१०० हर्ट्झची. लाइनवर प्रतिध्वनी थोपवणारी यंत्रं असतात, त्यांना ती गप्प करते. नंतर दोन्ही मोडेम एकमेकांना सूर देऊन लाइन कुठवर झेपते ते चाचपतात आणि शेवटी खर्रर्र असा फेसाळ आवाज. मग एकदम शांत. पडद्यावर ‘व्हेरिफाइंग युजरनेम अँड पासवर्ड’ येतं आणि खाली घड्याळाशेजारी दोन छोटे कॉम्प्युटर उगवतात.

हा आवाज चार-पाच वेळा ऐकला की कान तयार होतो. शेजारच्या काकूंना पडद्यावरचं इंग्रजी वाचता येत नाही, पण आता त्या आवाजावरून सांगतात, "आज नाही लागणार गं, मधेच अडखळलं."

दोन कॉम्प्युटरच्या चित्रावर माऊस नेला की वेग दिसतो. तिथे ११५२०० दिसलं तर हुरळू नका, तो मघाचा कॉम्प्युटर-मोडेममधला आकडा आहे. असं झालं तर मोडेमचा ड्रायव्हर बरोबर बसलेला नाही. पत्ता मिळाला का ते पाहायचं असेल तर स्टार्ट, रन आणि तिथे विनआयपीसीएफजी (winipcfg) टाइप करा. पीपीपी ॲडॅप्टर निवडा. आयपीच्या जागी सगळी शून्यं नसली म्हणजे झालं.

९. एरर नंबर काय सांगतात

६८०: डायल टोन नाही. चौथ्या पायरीतली टिक, किंवा तार चुकीच्या छिद्रात, किंवा घरात कोणीतरी समांतर फोन उचलून बोलत आहे.

६७६: लाइन व्यस्त. संध्याकाळी हे रोजचं. कंपनीकडचे सगळे मोडेम भरलेले असतात. पहाटे प्रयत्न करा.

६७८: पलीकडून उत्तर नाही. नंबर चुकला, किंवा एरिया कोडची टिक राहिली. रिसीव्हर कानाला लावून तोच नंबर हाताने फिरवा. शिट्टी ऐकू आली तर नंबर बरोबर आहे.

६९१: नाव किंवा पासवर्ड नाकारला. तुमच्या खात्याचे तास संपले तरी कित्येकदा हेच दिसतं, म्हणून आधी शिल्लक तास विचारा आणि मग पासवर्डाशी झगडा.

६३०: मोडेम बोलत नाही. मोडेम बंद करून दहा सेकंदांनी चालू करा.

६३३ किंवा ६०२: पोर्ट दुसऱ्याने अडवलं आहे. बहुधा मागे फॅक्सचा प्रोग्रॅम उघडा राहिलेला असतो.

६५० आणि ७२०: मोडेम जुळले, पण पुढची बोलणी फिसकटली. सातव्या पायरीतल्या टीसीपी/आयपी वगैरेंच्या टिका पाहा. सगळं बरोबर असेल तर नेटवर्कमधून टीसीपी/आयपी आणि डायल-अप ॲडॅप्टर काढून, कॉम्प्युटर पुन्हा सुरू करून परत बसवा. मी दोन घरी असं केलं आणि दोन्हीकडे लागलं.

नंबर नाही, फक्त जोडणी लागून पाच-दहा मिनिटांत तुटते: परत पहिल्या पायरीवर जा. हा तारेचाच दोष समजा.

१०. बिल

खात्याचे तास वेगळे आणि फोनचे पैसे वेगळे, हे अनेकांना पहिलं बिल येईपर्यंत कळत नाही. नेटवर असता तेवढा सगळा वेळ फोनचा कॉल चालू असतो.

माझी चूक सांगते. मला कोणीतरी पुण्याचा डायल नंबर दिला होता. लागत होता, म्हणून मी दोन आठवडे तोच वापरला. चिपळूणहून पुणे म्हणजे तेव्हा एसटीडी, दूरगावचा महाग कॉल. ते बिल भरायला आईने गाठीला ठेवलेले पैसे काढले. म्हणून आपल्या एक्स्चेंजमध्ये जाऊन विचारा, हा नंबर माझ्या फोनवरून स्थानिक धरला जातो का. तोंडी उत्तर घेऊनसुद्धा पहिल्या बिलाशी वहीतल्या वेळा ताडून बघा.

दुसरा धोका याहून मोठा. काही साइट्स "हा छोटा प्रोग्रॅम उतरवा" म्हणतात. ‘येस’ दाबलंत तर तो तुमची जोडणी गुपचूप तोडतो आणि परदेशातला महागडा नंबर फिरवतो. तुम्हाला नेट चालूच दिसतं. स्पीकर चालू ठेवा म्हणाले, त्याचं हेही एक कारण. मध्येच पुन्हा डायलचा आवाज आला तर तार उपटा. डायल-अप नेटवर्किंगच्या फोल्डरमध्ये आपण न बनवलेलं चित्र दिसलं तर ते काढून टाका, आणि फोनला एसटीडी-आयएसडी लॉक लावून ठेवा.

मेलसाठी आउटलुक एक्स्प्रेस वापरा. पत्र आधी नेट बंद असताना निवांत लिहा, मग जोडा, ‘सेंड अँड रिसीव्ह’ करा आणि तोडा. ऑप्शन्समधल्या कनेक्शन पानावर ‘हँग अप आफ्टर सेंडिंग अँड रिसीव्हिंग’ला टिक लावली की तोडायचं काम ते स्वतःच करतं. आमचं रोजचं काम तीन-चार मिनिटांत होतं. सर्व्हरची नावं भरताना पूर्ण भरा. व्हीएसएनएलच्या नावात मुंबईसाठी बीओएम, पुण्यासाठी पीएन अशी अक्षरं आणि पुढे आकडा असायचा. तो आकडा गाळला तर मेल मिळायची नाही.

परदेशी असलेल्या मुलांनाही एक सांगून ठेवा. फोटो पाठवताना ६४० बाय ४८० चा जेपीईजी करून पाठवा. भावाने एकदा हौसेने आपल्या खोलीचे चार बीएमपी फोटो धाडले. ते उतरायला पाऊण तास लागला, आणि त्यांच्या मागे अडकलेलं पत्र शेवटी आलं.

११. वळीव आणि पावसाळा

मे महिन्यात दुपारी ढग भरून आले की मोडेमला जोडलेल्या दोन्ही तारा काढा, फोनची आणि विजेचीही. नुसतं बटण बंद करून भागत नाही. वीज दूर कुठेतरी कोसळली तरी फोनच्या तारेवरून दाब घरात शिरतो, आणि मोडेम विजेच्या अडॅप्टरलाही जोडलेला असतो, त्यामुळे दोन्हींच्या मध्ये सापडतो. माझा पहिला मोडेम २००१ च्या जूनमध्ये असाच गेला. पोटातलं कार्ड असेल तर मदरबोर्डही सोबत जाऊ शकतो. बाहेरचा मोडेम घ्या म्हणण्यामागे हाही विचार आहे.

लाइट वारंवार जात असेल तर यूपीएसवर कॉम्प्युटरसोबत मोडेमचा अडॅप्टरही लावा. नाहीतर कॉम्प्युटर चालू राहतो आणि जोडणी तेवढी तुटते.

आमच्या घरी जून ते ऑक्टोबर काम झालं की दोन्ही तारा काढून टेबलामागच्या खिळ्याला अडकवतो आणि टेलिफोनची स्वतःची तार थेट भिंतीच्या डबीत परत खोचतो. मग आई रिसीव्हर उचलून टोन आहे ना ते ऐकते, कारण शुक्रवारी सुट्टी असली की भाऊ अजूनही फोन करतो.